सावकाश ओढलेली रेघ

“रेघ तिरकी ओढायची, टेक्ला, आणि सावकाश. झर्रकन ओढली तर कुठलंही यंत्र सरळ रेघ दाखवतं. खोट असेल ती सावकाशीतच दिसते.”

हे व्हिडाचं सांगणं. पावाच्या बुडाला टिचकी मारून तो आतून भाजलाय की नाही हे ओळखायला आईनं आम्हाला शिकवलं, तसं व्हिडानं मला हे शिकवलं. याचा मला काय उपयोग, असं तेव्हा वाटलं होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई. मला चित्र म्हणून मांजर तेवढं काढता येतं, तेही पाठमोरं.

व्हिडा माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांनी लहान. इश्पेमिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात, वडिलांनी खाणीत राबून बांधलेल्या घरात आम्ही दोघीच राहतो. माझे यजमान गेले तेव्हा मी परत आले; तिनं लग्नच केलं नाही. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणं हा तिचा पोटाचा धंदा. नोकरी नाही, डोक्यावर मालक नाही. आज या प्रकाशकाचं काम, उद्या त्याचं. वरच्या खोलीत टेबलाला स्क्रूनं आवळलेला भला मोठा पडदा आहे, त्यावर ती पेनानं रेखाटायची. बावीस वर्षं. “बाबा खाणीत उतरायचे, मी खाणीत चढते,” असं म्हणत कॉफीचा पेला घेऊन वर जायची.

माझे काही नेम आहेत. पहाटे जपमाळ म्हणते आणि ती पुरी होईपर्यंत कुणाशी बोलत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस एकवेळ जेवते. आणि आई गेली त्या दिवसापासून आणखी एक नेम, खोटं बोलायचं नाही. खरं बोलवत नसेल तर गप्प राहायचं. हे सगळं सांगायचं नव्हतं, पण जे झालं त्यात त्या शेवटच्या नेमाचाही वाटा आहे, म्हणून सांगते.

व्हिडाला बरोबर नेता येईल असा लॅपटॉप हवा होता तो अल्मा कांगास यांच्यासाठी.

अल्मा कॅल्युमेटच्या वृद्धाश्रमात असतात, आमच्याकडून गाडीनं दोन तास उत्तरेला. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना पंचविसाव्या वर्षी एक मुलगी झाली होती. ऐली. ती दोन दिवस जगली; अल्मांनी तिला एकदाच काय ते डोळे भरून बघितलं. बाहेर बर्फ इतकं की डॉक्टरच जेमतेम पोचला, फोटो काढायला कोण येणार? अल्मा तापात होत्या, त्यांना उठवलंही नाही आणि नवऱ्यानं मुलीला दफन केलं. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. नवरा या विषयावर मरेपर्यंत बोलला नाही.

व्हिडाच्या चित्रांचं एक पुस्तक आश्रमाच्या वाचनालयात त्यांच्या हाती पडलं. त्यांनी पत्र लिहिलं: ‘तुम्ही न बघितलेल्या अस्वलाचा चेहरा काढता, तर न बघितलेल्या मुलीचा काढाल का? मी सांगेन तसा.’

व्हिडानं तीनदा प्रयत्न केला. पोस्टानं चित्र पाठवायचं, आठवड्यानं ते परत यायचं, समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: नाक असं नव्हतं. डाव्या कानाची वरची कड दुमडलेली होती. केस काळे, आम्ही सगळे पिवळ्या केसांचे असूनही काळे. तोंड काहीतरी विचारणार असल्यासारखं. चौथ्यांदा व्हिडानं फोनच केला.

“हे पोस्टानं व्हायचं नाही, अल्मा. मी येते. यंत्र घेऊन तुमच्या खाटेवर बसते. तुम्ही सांगा, मी काढते, पुसते, पुन्हा काढते. तुम्ही ‘हीच ती’ म्हणेपर्यंत उठणार नाही.”

“वचन देतेस?”

“वचन.”

“मग लवकर ये. मी हिरव्या केळ्यांचा घडसुद्धा विकत घेत नाही हल्ली.”

मोबदला म्हणून त्यांनी थिंबलबेरीच्या, त्यांच्याकडच्या रानफळाच्या, मुरांब्याची बरणी पाठवली. व्हिडानं ती उघडली नाही. “काम झाल्यावर,” म्हणाली.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटला. मांडीवर दोन तास सोसेल असं वजन. आतला पंखा आजाऱ्याच्या खोलीत ऐकू येऊ नये. पडदा मागं मुडपून पाटीसारखा सपाट व्हावा. काच चकाकू नये, कारण अल्मांच्या खाटेला खिडकी लागून आहे. आणि त्याच यंत्रावर पुस्तकांचं कामही झालं पाहिजे, रंगांचे शंभर थर चढवले तरी अडखळू नये. दोन यंत्रं घेण्याची आमची ऐपत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आम्ही लॅपटॉप बघायला ग्रीन बे शहरात गेलो. तीन तासांचा रस्ता. गाडी मी चालवली, कारण “आज डोळे चुरचुरतायत” असं ती म्हणाली. त्याआधी कधी खांदा भरला होता, कधी झोप झाली नव्हती. मी काही विचारलं नाही.

दुकानात आम्हाला ऑर्विल नावाचे गृहस्थ भेटले. साठीचे, जाडजूड, आधी कागदाच्या गिरणीत होते. उजव्या हाताची दोन बोटं गिरणीनं ठेवून घेतली होती, उरलेल्या तिनांनी ते झरझर टंकत.

“काय हवंय बाईसाहेबांना? हलका की दमदार?”

“दोन्ही,” व्हिडा म्हणाली.

“दोन्ही तर मलाही हवं होतं. बायकोनं लग्नाआधीच सांगितलं, एकच निवड.”

व्हिडा हसली. पहिलं यंत्र तिनं तळहातावर तोललं, कानाला लावलं, दिव्याखाली तिरपं करून बघितलं. “अरे बापरे, हा पंखा आहे की आमचा बर्फ उडवायचा बंब?” दुसरं शांत होतं, पण ऑर्विल म्हणाले, “हे फिरायला न्या, कसरतीला नको. मोठं काम टाकलंत की धाप लागते याला.” तिसरं खिडकीत दोन मेणबत्त्या लावाव्यात तसं उजळ होतं, पण वजनदार.

मग तिनं पेन उचललं आणि आपली परीक्षा सुरू केली. पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरकी रेघ, अगदी सावकाश. काही पडद्यांना पेनाची जागा नीट कळत नाही, मग तिरकी रेघ नागमोडी येते. चित्रकारांना हे ठाऊक असतं. ते दुकानात जाऊन प्रथम हेच करून बघतात.

पहिल्यावर रेघ थरथरत आली.

“हं,” व्हिडा म्हणाली. “हा बाद.”

दुसऱ्यावरही तशीच. तिसऱ्यावर जरा जास्तच. तिनं तीनदा ओढून पाहिली. चौथं यंत्र ऑर्विलनी आतून आणलं, दुकानातलं सगळ्यात महाग. त्यावरची रेघ पाण्यावरून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखी.

“काय विकता हो तुम्ही? एकाही पडद्याला सरळ चालता येत नाही. सगळे दारू पिऊन आलेत का?”

ऑर्विलना लागलं ते. “बाई, याच यंत्रावर मिलवॉकीचा एक व्यंगचित्रकार काम करतो. त्याची काही तक्रार नाही.”

“तो झर्रकन ओढत असेल.”

“पट्टी लावून बघता का? बाकीचे पट्टी लावतात.”

“बाकीचे लावतात,” व्हिडा म्हणाली. “बावीस वर्षं माझा हात हीच माझी पट्टी आहे.”

खरंच होतं ते. पट्टी लावून परीक्षा घ्यावी हा रिवाज असताना तिनं तो कधी पाळला नव्हता. तो तिचा तोरा होता आणि तो तिला शोभायचाही.

मी तिच्या मागं उभी होते. नाताळच्या आधीपासून मी बघत होते. कॉफीचा पेला ती दोन्ही हातांनी धरायला लागली होती. स्वेटरची बटणं सोडून ती डोक्यातून घालायचे स्वेटर वापरायला लागली होती. विजेच्या बिलावरची तिची सही मला आमच्या आजीची वाटली होती. हे सगळं बघून मी माळेत तिच्या नावाचे मणी ओढत होते आणि गप्प होते. खोटं बोलत नव्हते ना. नेम मोडत नव्हता.

“पाचवं दाखवा,” व्हिडा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “एका म्हातारीला वचन दिलंय मी. मला एक प्रामाणिक पडदा दाखवा.”

ऑर्विलनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं, बहुतेक दुसऱ्याच रेघेला. 

माझ्या पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक असतं. आईचं, जाड पुठ्ठ्याचं. मी ते काढलं आणि त्या चौथ्या यंत्राच्या काचेवर तिरकं ठेवून हातानं दाबून धरलं.

व्हिडानं पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आता पडद्यालाही आशीर्वाद देणार का, मदर सुपीरियर?”

मी पुस्तक तसंच धरून ठेवलं.

तिनं पेन पुस्तकाच्या कडेला लावलं आणि सावकाश खाली आणलं. रेघ सरळ आली. इतकी सरळ की डोळ्यांना बोचली.

 मग तिनं स्वतःच पुस्तक उचलून तिसऱ्या यंत्रावर ठेवलं. सरळ. दुसऱ्यावर, पहिल्यावर. सरळ, सरळ. चारही यंत्रं प्रामाणिक होती. ती पेन जागेवर ठेवायला गेली ते ठेवणीच्या खाचेत बसेना. दोनदा खटखट झाली. ऑर्विलनी आपल्या तीन बोटांनी ते हळूच तिच्या हातातून घेतलं.

“माफ करा,” व्हिडा त्यांना म्हणाली. “तुमच्या यंत्रांना उगाच नावं ठेवली.”

“त्यांना सवय आहे, बाई,” ते म्हणाले.

गाडीत बसून आम्ही घरून आणलेल्या पेस्टी, खाणकामगारांच्या मांस-बटाट्याच्या करंज्या, उलगडल्या. माझं ते दिवसाचं एकच जेवण. खाल्लं कुणीच नाही. काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरली.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“नाताळच्या आधीपासून.”

“तीन महिने.” ती समोर बघत होती. “तीन महिने मी पेनं बदलली. चष्मा बदलला. टेबल खिळखिळं झालं म्हणून स्क्रू आवळले, टेक्ला. तू खालून टिनाची पेटी आणून मला पाना काढून दिलास.”

“हो.”

“खोटं बोलायचं नाही हा नेम कळला मला. पण गप्प बसण्याचा नेम कुणी सांगितला होता तुला? देवानं?”

मी पेस्टी पुन्हा कागदात गुंडाळली आणि किल्ली फिरवली.  परतीच्या वाटेवर मी माळ काढली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा देवापुढे तोंड उघडायची लाज वाटली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, विजेच्या सुया टोचल्या, आणि नसांच्या एका दुखण्याचं नाव सांगितलं. ते नाव मी घरात घेत नाही. उजवा हात आधी जाईल, मग डावा, मग बाकीचं. किती भरभर ते सांगता येत नाही. व्हिडानं एकच विचारलं, “पेन धरता येईल असे किती दिवस?” डॉक्टर म्हणाले, “जे करायचं ते उन्हाळ्यावर ठेवू नका.”

हातातलं पुस्तक तिनं प्रकाशकाला परत केलं. बारा पानं झाली होती, वीस राहिली होती. ती वीस दुसऱ्या कुणीतरी काढली. फ्रिजवरचा कागद तिनं काढून टाकला. वरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि खालच्या सोफ्यावर झोपायला लागली. मुरांब्याची बरणी कपाटात मागं सरकवली.

मार्चअखेर आश्रमातून फोन आला. मीच घेतला. परिचारिकेनं अल्मांच्या कानाला फोन लावून दिला.

“पोरगी कुठाय? येणार होती.”

खोटं बोलायचं नव्हतं, आणि गप्प बसण्यातून काय होतं ते मी बघितलं होतं. मी सगळं सांगितलं. हाताचं, दुखण्याचं. 

“हात कापतो म्हणतेस?” अल्मा म्हणाल्या. “माझा मेला वीस वर्षं कापतोय. सूप तोंडापेक्षा उशीला जास्त मिळतं. आणि मला तरी कुठं नीट दिसतंय?” मग थांबल्या. “तिला सांग, चित्र नाही झालं तर नाही. पण त्रेसष्ट वर्षांत माझ्या ऐलीचे कान कसे होते हे मला कुणी विचारलं नव्हतं. हिनं विचारलं. तिला म्हणावं, आणखी विचारायला ये.”

मी शब्द न शब्द व्हिडाला सांगितला. ती सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“त्या ‘हीच ती’ म्हणेपर्यंत उठणार नाही असं वचन दिलंय मी,” ती म्हणाली. “त्या बाईनं एकदाच बघितलेला चेहरा. तो मी या हातानं कुरतडून ठेवू? जा तू. जप कर.”

दुसऱ्या दिवशी मी एकटी ग्रीन बेला गेले.

ऑर्विलनी मला ओळखलं. “एकट्याच?”

“एकटीच. आणि मला यातलं काही कळत नाही.”

“काय काम करायचंय त्यावर?”

“एक चेहरा काढायचाय. लहान. एकच.”

त्यांनी मान हलवली. पुस्तकांच्या कामाचा दम आता कुणाला हवा होता? शंभर थर कुणाला हवे होते? त्यामुळे निवड सोपी झाली. असली सोपी निवड देवानं कुणावर आणू नये. तेच दुसरं यंत्र, शांत आणि हलकं, कसरतीला नको म्हटलेलं. पडदा पाटीसारखा सपाट होत होता. मी ते मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि माळेची पाच दशकं, म्हणजे पन्नास मणी, होईतो तशीच बसून राहिले. पाय अवघडले नाहीत. कान लावला. आतून काही ऐकू आलं नाही.

मग पेन घेतलं. तिरकी रेघ ओढली, सावकाश, तिनं शिकवली तशी. माझी रेघ सरळ आली. मला, पाठमोरं मांजर काढणाऱ्या बाईला, सरळ रेघ आली. मी पेन खाली ठेवून तोंडावर हात धरला. ऑर्विल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत राहिले.

सावरल्यावर मी विचारलं, “जोर न लावता उमटेल असं पेन आहे का? बोटांत बळ कमी असेल तर?”

त्यांनी चार पेनं काढली. आपल्या अंगठ्यात आणि करंगळीत धरून एकेक पडद्यावर नुसतं टेकवलं. तिसऱ्यानं टेकवताच उमटवलं. त्यांनी खणातून फेसाची एक जाड नळी काढली आणि त्या पेनावर चढवली. “ही माझी आहे. गिरणी सुटल्यावर लिहायला शिकत होतो तेव्हाची. जाड असलं की मूठ पुरते.” नळीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. पेन त्यावर, आईचं पुस्तक शेजारी. व्हिडा आली, बघितलं, पाणी प्यायली आणि गेली. दोन दिवस तो तिथंच होता. आम्ही त्याच्या बाजूनं ताटं मांडत होतो.

तिसऱ्या दिवशी मी तळघरात कपडे वाळत घालून वर आले तर ती टेबलाशी बसली होती. डाव्या हातानं उजवं मनगट पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर दाबून धरलं होतं. पडद्यावर एक कान होता. बोटाच्या पेराएवढा. कड कापरी, जागोजागी तुटलेली, आणि वरच्या बाजूला दुमडलेली. मी दाराशीच थांबले.

“नवजात मुलाचा कान असाच असतो,” ती मागं न बघता म्हणाली. “कुठं असतात त्याला सरळ रेघा?” मग काही वेळानं, “तीन आठवडे चालेल हा हात. चारही चालेल. मग संपलं, टेक्ला.”

“हो,” मी म्हटलं.

“गप्प नाही बसलीस.”

“नाही.”

तिनं कपाळ टेबलाला टेकलं आणि रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वेटरखाली तिचं हाड न् हाड लागत होतं. देवाकडे त्या क्षणी मी काही मागितलं नाही. मागायचं ते मी नाताळपासून मागतच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळ घेऊन खिडकीशी बसले होते. तिसरं दशक चाललं होतं, म्हणजे बोलायचं नव्हतं. वरच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग जिना वाजला. व्हिडा कोट घालून खाली आली. बटणांचा नाद सोडून तिनं वरून मफलर गुंडाळला होता. तिनं फ्रिजमधून पाव घेतला, कपाटात मागं सरकवलेली बरणी पुढं ओढून पिशवीत टाकली. चमचेही घेतले, दोन. मग लॅपटॉप छातीशी धरून, आईचं पुस्तक काखेत मारून माझ्याजवळून गेली. तिनं मला हाक मारली नाही. माझा नेम तिला ठाऊक आहे.

खिडकीतून बघितलं. रात्रीचं बर्फ गाडीवर साचलं होतं. ती कोपरानं समोरच्या काचेवरचं बर्फ ढकलत होती, थोडं थोडं, सावकाश. काच मोकळी झाल्यावर ती पलीकडच्या बाजूनं जाऊन बसली, पट्टा लावायचा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. चालकाची जागा रिकामी होती.

मी माळ मुठीत घेतली, किल्ली उचलली आणि बोलले नाही.